शंभर व्होल्टची चाचणी

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिपमाला सिरिंज पंपांच्या चाचण्या बघायची. नवजात बाळाला अगदी बेतानं औषध देणारं हे यंत्र. पाटीवर लिहिलेलं होतं, १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. पंप पास करणाऱ्या प्रयोगशाळेनं विचारलं, वीज क्षणभर घसरली तर पंप नीट चालतो का ही चाचणी किती व्होल्टला आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला घ्यायची?

मालक जिनेशनं २३० आणि ५० कळवायला सांगितलं. दिपमालानं आधी स्वतः दोन्ही टोकांना करून पाहिलं. फ्रिक्वेन्सीनं फरक पडला नाही. २४० ला विजेचा दाब क्षणभर घसरला तरी पंप चालत राहिला. १०० ला मात्र पडदा विझला, परत लागला, आणि ताशी अर्धा मिली ठरवलेलं औषध ताशी पाच मिलीनं जाऊ लागलं.

तिनं ते जिनेशला दाखवलं. तो म्हणाला, पाटीच बदलू, २२० ते २४० करू. म्हणजे शंभरची चाचणीच नको. नियमात ते बसत होतं. पंप पास झाला, पेढे वाटले. दिपमालानं आपला पेढा बेसिनमध्ये थुंकला आणि चूळ भरली.

तिचं माहेर साक्रीजवळ. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की तिथे घरात दीडशे व्होल्टही मिळत नाहीत, आणि पहिले दहा पंप साक्रीच्याच एका दवाखान्यात जाणार होते. रविवारी ती चाचणीचा पंप घेऊन माहेरी गेली. शेजारी मिक्सर लावताच पडदा विझला, आकडा पाचवर गेला. तिचा भाऊ वना बघत होता.

"हाई धाकला पोरेसले लावतस का?" त्यानं विचारलं.

तिनं मिक्सर पुन्हा लावायला सांगितला आणि मोबाइलवर व्हिडिओ घेतला.

सोमवारी तिनं जिनेशला व्हिडिओ दाखवला, साक्रीच्या डॉक्टरांना पाठवल्याचंही सांगितलं.

"आणखी कोणाला पाठवलात?" एवढंच त्यानं विचारलं. बाळांबद्दल एक शब्द नाही.

आत छोटी बॅटरी घातली की दोष जात होता. ती त्यानं घातली, फक्त साक्रीच्या दहा पंपांत. बाकीचे तसेच खोक्यांत भरले आणि तपासणी झाल्याचा कागद सहीला दिपमालापुढे ठेवला.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि खोक्यांवरचे सगळे पत्ते मी उतरवून घेतलेत."

तिनं नोकरी सोडली, प्रत्येक दवाखान्याला व्हिडिओ पाठवला. महिन्याभरात बाकीचे सगळे पंप परत आले, त्यांतही बॅटरी बसली.

आता ती धुळ्यात आयटीआयला शिकवते. परवा तिच्या हाती त्या पंपाचं नवं माहितीपत्रक आलं. वर जिनेशचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'बाळांच्या काळजीपोटी, आत खास बॅटरी'. तिनं ते दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकलं आणि साबणानं हात धुतले.