एकादशीची चूल

बावन्न सालच्या वादळानं वेण्णार नदीकाठच्या शेतमजुरांच्या झोपड्या उडवून नेल्या, आणि आमच्या तंजावरच्या मराठी मंडळींना दानधर्माचा उमाळा आला. जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, रोज दुपारी पोरांना भात मिळू लागला. सेतुरामराव अध्यक्ष, आणि मी, सरोजा, शाळेत शिकवणारी, वाढायला.

त्या पोरांत पोन्नी होती, पाच-सहा वर्षांची. भिंत अंगावर पडून बाप गेला, आई तापानं अंथरुणाला खिळलेली. पोन्नी स्वतः हगवणीतून नुकती उठली होती. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हिच्या पोटात रोज अन्न गेलं पाहिजे, नाहीतर पोर हातची जाईल.

आणि एका दुपारी छत्राची चूल थंड. पोरं केळीची पानं धरून दाराशी ताटकळलेली. आचारी वादिराज मान खाली घालून म्हणाला, "आज एकादशी आहे की, अक्का. भात शिजवूं नको म्हणाले सेतुरामराव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या घरी वादळानं बारमाही एकादशी आणून ठेवली, त्यांना आणखी उपास!

"कोठी उघड. मी शिजवते."

"किल्ली त्यांच्या घरी आहे."

पोन्नीला कडेवर घेतलं आणि बाकीच्या पोरांना म्हटलं, चला. आमच्या गल्लीत ही पोरं कधी आली नव्हती. येऊ दिलीच नव्हती. ओट्याओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी 'शिव शिव' म्हणालं. म्हणेना का!

सेतुरामराव आपल्या ओट्यावर जपमाळ घेऊन बसले होते. मागच्या उघड्या दारातून त्यांची बायको भामाक्का दिसत होती, नातवाला दहीभात भरवताना.

"हे काय, सरोजा? ह्या अस्के पोरांना, सगळ्यांना, इथं कशाला आणलेस?"

"कोठीची किल्ली द्या."

"आज उपास. धर्म म्हणून काही आहे की नाही? एका दिवसानं कोण मरतंय?"

"ही मरेल." मी पोन्नीला त्यांच्यासमोर धरलं. "आणि आत तुमचा नातू जेवतो आहे, तो?"

"तो लेकरू आहे," ते अगदी सहज म्हणाले. "लेकरांना कुठं उपास असतो?"

एवढी पोरं समोर उभी होती, तरी आपण काय बोललो हे त्या माणसाला कळलं नव्हतं. त्याचाच मला अधिक संताप आला. दुष्ट असते तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांना ही लेकरं दिसतच नव्हती.

भामाक्का दहीभाताचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"भामा!" सेतुरामराव ओरडले.

तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "मला कोणी विचारलंच नाही," म्हणाली, आणि पायरीवर बसून पोन्नीच्या पानावर भात वाढला.

पोन्नी भाताला हात लावेना. ती सेतुरामरावांच्या तोंडाकडे बघत राहिली, ते हो म्हणतात का म्हणून. त्यांनी मान फिरवली.

"खा!" मी ओरडलेच. ती दचकली, रडू लागली, आणि रडत रडतच तिनं सगळं पान पुसून खाल्लं.