चाकं बदलता येतील अशी

चित्राने सुटकेस दुकानाच्या फरशीवर उलटी केली, लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घातलेला डावा पाय बाजूला लांब पसरून ती खाली बसली आणि एकेक चाक बोटाने गरकन फिरवून कान देऊन ऐकू लागली.

"ही नको," ती म्हणाली. "हिच्या चाकांना रिव्हेट मारलेत, ती निघत नाहीत. चाक गेलं की सुटकेसच गेली."

गुरबचनसिंगांनी पगडीखालचा घाम पुसला. सेक्टर सतरामधल्या आपल्या दुकानात इतकी वर्षं ते सुटकेसा विकत आले होते. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग कुलूप. ही मुलगी आल्यापासून एकाही सुटकेसचं झाकण तिने उघडलं नव्हतं.

"बीबीजी, अटैची है, ट्रक थोड़े ही है," ते पद्मिनीकडे बघून हसले. "शादी के लिए चाहिए ना? लाल रंग में दिखाऊँ?"

पद्मिनीने खांद्यावरच्या दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. हे उत्तर हल्ली ती सगळ्यांना देत होती. दूधवाल्याला देऊन झालं होतं, एअरफोर्स कॉलनीतल्या तमाम बायकांना देऊन झालं होतं, तरी प्रत्येक वेळी ते नव्याने तोंडात यायचं.

"शादी नहीं जी. बंगलोर जा रही है. गणित में रिसर्च करेगी. पूरे देश से गिने-चुने लोग लेते हैं."

"आई," चित्रा खालूनच म्हणाली.

"अगं, विचारलं त्यांनी."

गुरबचनसिंगांनी लाल सुटकेसकडे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "आजकल अटैची दो ही लोग लेते हैं जी. जिनके घर ब्याह है, और जो पंजाब छोड़ के जा रहे हैं. पढ़ाई वाली बड़े दिनों बाद आई." आणि ते स्वतः शिडी लावून माळ्यावर चढले.

त्यांनी खाली आणलेली सुटकेस राखाडी होती, अवजड होती आणि दिसायला अगदीच साधी. पण तिची चाकं पितळी स्क्रूंनी बसवलेली होती. चित्राने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, एक चाक काढलं, हातात धरून उजेडात पाहिलं आणि पुन्हा बसवलं. पद्मिनी ते बघत उभी राहिली. कॅलिपरचा निसटलेला स्क्रू पोरगी शाळेच्या वयापासून अशीच बसवत आली होती, जीभ किंचित बाहेर काढून, कुणालाही हात लावू न देता.

"दुसरी चाकं मिळतील?" चित्राने हिंदीत विचारलं.

"मिल जाएँगी. दो तो मैं अभी साथ में बाँध दूँगा. पर बेटे, पहिये इतनी जल्दी नहीं घिसते."

"माझी झिजतात," ती मराठीतच म्हणाली, आणि मग हसून हिंदीत, "मेरे जूते की एड़ी हर दूसरे महीने बदलती है, अंकलजी. जूता तो नहीं फेंकते."

त्यानंतर तिने पद्मिनीच्या पिशव्या ओढून घेतल्या. घरातून निघताना त्यात पुस्तकं कशाला भरायची, यावरून दोघींचं वाजलं होतं. आता ती सगळी पुस्तकं सुटकेसमध्ये गेली.

"बाहेर ओढून बघते," चित्रा म्हणाली. "पक्कं कळायला पाहिजे."

"एवढं कशाला? मी आहेच की बरोबर."

पद्मिनी तिला पोहोचवायला जाणार होती. महिनाभर तिथे राहून, खोली लावून, जेवणाची सोय बघून मगच परतायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. एअरबेसवर सतत सतर्कतेचे हुकूम येत होते. चित्राच्या वडिलांना, जयंतरावांना, रजा मिळायची शक्यता नव्हती. पद्मिनीच्या बेताला त्यांनी हरकत घेतली नव्हती. चित्राने मात्र अजून होकार दिला नव्हता.

"दिल्लीला गाडी बदलायची, पूल चढायचा," चित्रा म्हणाली. "आणि दिवाळीला मी परत येईन तेव्हा तू नसशील ना, आई."

तिने ओढायचा पट्टा उजव्या मनगटाला गुंडाळला आणि ती दुकानाच्या व्हरांड्यातून मधल्या मोकळ्या चौकात उतरली.

पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. एरवी दुपारीसुद्धा गजबजलेला तो चौक ओका-ओका वाटत होता. कारंजं बंद होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांआड सीआरपीएफचे जवान होते. दुकानात शिरताना पर्स उघडून दाखवायची, बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं; बॉम्बच्या धास्तीने शहराने हे सगळं अंगवळणी पाडून घेतलं होतं.

चित्रा सावकाश चालत होती. पाय टाकला की खांदा डावीकडे झुकायचा, मग सुटकेस खडखडत मागून यायची. सुरुवातीला ती दोनदा कलंडली. चित्राने पट्टा आखूड केला, तेव्हा सुटकेस तिच्या झुकण्याबरोबर झुकून पुन्हा सावरायला शिकली. दुकानाच्या दारात उभी असलेली पद्मिनी नकळत स्वतःचा डावा खांदा कलता करत होती.

चौकाच्या मध्यावर एक चाक फरशीच्या फटीत अडकलं. चित्राने सुटकेस उभी केली, पट्टा सोडला आणि दोन पावलं मागे सरून ती चाकाकडे बघू लागली.

तेवढ्यानेच झालं. बाकावरचा म्हातारा उठून चालू लागला. एका बाईने मुलाला कडेवर उचललं. चौकात ती राखाडी सुटकेस एकटी उभी होती, आणि बघता बघता तिच्याभोवतीची जागा मोकळी झाली. शिट्टी वाजली.

"ए लड़की! अटैची से दूर हटो! दूर हटो!"

पोत्यांमागून एक जवान बंदूक सरसावत पुढे आला. पद्मिनीची पावलं आपसूक पायऱ्या उतरली. ती धावणार, एवढ्यात चित्राने तिच्याकडे न बघताच हात मागे करून पंजा उघडला. थांब.

पद्मिनी जागच्या जागी थबकली. ह्या पोरीला दोन वर्षांची असताना पोलिओचा ताप आला, तेव्हापासून ती हाक मारेल त्याच्या आधी धावायची सवय झाली होती. उभं राहायचं कसं, ते पायांना ठाऊकच नव्हतं.

"मेरी है, भैया," चित्राचा आवाज चौकभर स्पष्ट ऐकू आला. "मैं दूर हटूँगी तो लावारिस हो जाएगी."

जवान गोंधळला. "खोलो."

कॅलिपरचा गुडघ्याजवळचा खटका सोडवून तिला खाली बसावं लागलं. त्याला वेळ लागला. जवानाने तो पाय पाहिला आणि बंदुकीची नळी आपोआप जमिनीकडे वळली. चाक फटीतून सोडवून तिने सुटकेस आडवी केली आणि झाकण उघडलं. जवानाने दुरूनच वाकून बघितलं, मग जवळ येऊन एक पुस्तक उचललं, उघडलं आणि कपाळाला आठ्या घालून दुसरं उघडलं.

"इसमें तो एक भी शब्द नहीं है."

"हैं ना. 'इसलिए' है, 'मान लो' है. बाकी हिसाब है."

"सब पढ़ लिया?"

"पढ़ने ही जा रही हूँ."

जवान हसला. तो बिहारकडचा असावा, वयाने चित्रापेक्षा फार मोठा नव्हता. त्याने झाकण लावलं, सुटकेसच्या कडीला हात घातला. "चलो, ऊपर तक छोड़ देता हूँ."

"नहीं भैया, प्लीज़. वही तो देखना है."

तो बाजूला झाला, पण गेला नाही. चित्रा उठली, पट्टा मनगटाला गुंडाळून वळली आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांशी आली. आधी उजवा पाय वर, कठडा पकडून डावा ओढून घ्यायचा, मग कमरेतून वळून सुटकेस एक पायरी वर. मग पुन्हा. दर पायरीला पुस्तकं आतल्या आत धप्पकन आदळत होती. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघत होता. गुरबचनसिंग दारात आले होते, आणि पद्मिनी पायऱ्यांच्या कडेला, हात पुढे केला तर लागेल इतक्या अंतरावर, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती.

वर पोहोचल्यावर चित्राने वाकून चारही चाकं तपासली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"हीच," ती म्हणाली.

गुरबचनसिंगांनी जास्तीची दोन चाकं कागदात बांधून दिली. पैसे परत देताना ते पद्मिनीला हळूच म्हणाले, "मेरी बेटी होती, तो मैं सारे बाज़ार को बुला के दिखाता."

पद्मिनीने पैसे न मोजताच पर्समध्ये टाकले. तिने नुसती मान हलवली. चौकातल्या एकूण एक माणसाने ते पाहिलं होतं, आणि तरी तिला वाटत होतं की अजून कुणीतरी पाहायला हवं होतं.

परतताना बस निम्म्या वाटेवर नाक्याशी थांबली. हल्ली रोजच थांबायची. पोलीस चढला आणि त्याने सगळ्यांना सामानासकट उतरायला सांगितलं. बायकांची रांग वेगळी झाली. चित्रा पुढच्या दाराशी बसली होती. ती आधी उतरली. मागच्या दाराने उतरणाऱ्या पद्मिनीच्या आणि तिच्या मध्ये पाच-सहा बायका आल्या.

रस्त्याची कड खडबडीत होती. रांग सरकली की चित्रा सुटकेस पुढे घ्यायची. खांदा झुकायचा, चाकं खडखडायची. एकदा सुटकेस कलंडली. तिने ती सरळ केली आणि मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही.

पद्मिनीच्या पुढे एक म्हातारी उभी होती, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. ती बराच वेळ पुढे बघत होती. शेवटी राहवेना, तशी वळली.

"इस कुड़ी दे नाल कोई नहीं?"

पद्मिनीने पुढे पाहिलं. चित्राने पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला होता आणि मोकळा झालेला पंजा ती उघडमीट करत होती.

"नहीं जी," पद्मिनी म्हणाली. "अकेली है. बंगलोर जा रही है, पढ़ने."

"हाय, इन्नी दूर? कल्ली?"

"हाँ जी. कल्ली."

म्हातारीने तोंडावर हात ठेवला आणि पुन्हा पुढे बघू लागली. आता वेगळ्या नजरेने. रांग सरकली. पद्मिनीच्या मागची एक बाई कडेवरच्या पोराला सावरत घाई करत होती. पद्मिनी बाजूला झाली आणि तिने तिला आपल्या पुढे जाऊ दिलं.