एक वाजायच्या आधी

मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. स्वभावाने जरा तिरसट, पण वेळेच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. कारखान्यात तपासनिसाने मला कानाशी धरून धरून पारखलं होतं. पुढे या घरातल्या आजोबांना मी तीस वर्षं पहाटे उठवलं. ते बस चालवायचे, आणि त्यांची बस कधी उशिरा सुटली नाही. आजोबा गेले आणि मी कपाटात जुन्या स्वेटरांखाली पडून राहिलो.

मित्रांनो, मला बाहेर काढलं ते त्यांच्या सुनेने. तिची नऊ वर्षांची मुलगी बोलताना अडखळायची. शाळेत पोरं नक्कल करायची, म्हणून रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. शेवटी आईने औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली आणि मुलीला घरीच शिकवायचं ठरवलं. आत्याने नाक मुरडलं. बाबांनी अट घातली, की वार्षिक परीक्षेत पास झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा शाळा.

पहिल्या आठवड्यातच आईच्या नाकी नऊ आले. आई पाणी, आई भूक, आई उद्या करू! मग तिने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं, गजर लावला आणि सांगितलं, "दहा ते एक मी तुझी बाई. गजर झाला की आई."

मुलीला गंमत वाटली. ती "बाई, तुम्ही" म्हणत शिकू लागली. मला रोज पुसायचे, किल्ली द्यायचे. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

पण अपूर्णांक आले आणि सगळं बिनसलं. बाईंनाच ते नीट येत नव्हते. पहाटे उठून त्या आधी स्वतः शिकायच्या, आणि शिकवताना अर्धं लक्ष गॅसवर. आवाज चढायला लागला. एक वाजता त्या आई व्हायच्या खऱ्या, पण पार थकलेल्या.

त्याच सुमारास मी पुढे जाऊ लागलो. रोज दहा-पंधरा मिनिटं. बाबा म्हणाले, म्हातारं झालं. दुरुस्तीवाल्याने मला दोनदा उघडलं आणि काही दोष नाही म्हणून परत पाठवलं. मला भारी अपमान वाटला. खरं काय ते मला ठाऊक होतं. बाई पातेलं उतरवायला आत गेल्या, की दोन छोटी बोटं माझ्या पाठीवर यायची.

परीक्षेला बारा दिवस उरले होते. एकच गणित चौथ्यांदा चुकलं, तेव्हा बाईंनी वही भिरकावली. "एवढंही जमत नाही? मग जा परत शाळेत!" बोलून त्या स्वतःच हादरल्या आणि आत गेल्या. तोंडावर पाणी मारून परत आल्या, तर मुलगी मला पोटाशी धरून काटा फिरवत होती.

"हे तू करतेस?"

ती अडखळत, एकेक शब्द ओढत म्हणाली, "बाई, तुम्ही जा ना. मला आई हवी आहे. तिला सांगायचंय, बाई ओरडल्या."

बाईंनी मला तिच्या हातातून घेतलं. खरं तर साडेअकराच वाजले होते. त्यांनी स्वतःच माझा काटा एकवर आणला. जन्मात पहिल्यांदा मी राजीखुशीने चुकीच्या वेळी वाजलो, आणि जीव तोडून वाजलो.

"सांग," आई म्हणाली. "काय म्हणाल्या बाई?"

मुलीने सगळं सांगितलं. खूप वेळ लागला, पण आईने मध्येच एकही शब्द पुरा करून दिला नाही.

ते गणित अजून सुटलेलं नाही. परीक्षा तर तोंडावर आली आहे. उद्या दहा वाजता टेबलाशी कोण बसणार, बाई की आई, हे तिलाही ठरवता आलेलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं घड्याळ पुढे जायला लागलं, तर त्याला मोडीत काढायची घाई करू नका. घरात कोण कुणाची वाट पाहतंय, ते आधी बघा.