कारवाडीचं तिकीट

घोडेगावातून सुटणारी एक गाडी आहुप्याच्या वाटेवर फाट्याला वळते आणि घाट चढून कारवाडीला जाते. तिच्या कंडक्टरला, भगवंतला, पुढच्या थांब्यावर कोण चढणार, कुणाकडं किती बोचकी असणार आणि सुट्टे नसल्याचं सोंग कोण करणार, हे गाडी थांबायच्या आधीच ठाऊक असायचं. एवढा चोख माणूस, पण कारवाडीची पस्तीस-चाळीस डोकी त्याच्या मशीनमध्ये कधीच उतरली नव्हती.

त्याचं असं झालं. फाट्यापासून वरचे चार किलोमीटर कारवाडीकरांनी आपल्या हातांनी खणले होते. पहिली गाडी वर पोचली तेव्हा भगवंत नोकरीत नवा होता. गळ्यात रानफुलांची माळ, हातात नाचणीची भाकरी, अंगात वारं शिरलेलं. बोलून गेला, "तुमच्याच रस्त्यावर तुमच्याकडनं काय घ्यायचं? फाट्याच्या वर तिकीट न्हाई!" तेव्हापासून कारवाडीला जाणाऱ्यानं फाट्याचं तिकीट काढायचं आणि वरपर्यंत बसून राहायचं, ही रीत पडली. एकोणतीस वर्षं पाळली. तपासनीसांना घाट चढायचा कंटाळा, त्यामुळं पुण्य विनासायास साठत गेलं.

ते साठलेलं पुण्य काय भावानं पडलं, हे साधनानं सांगितलं.

साधना कारवाडीच्या गेणभाऊंची पोरगी. घोडेगावच्या एका कचेरीत कंत्राटावर आकड्यांचं काम करायची. पूर्वी गावं कशी चाललीत हे कळायला घरोघर पाहणी व्हायची आणि निकाल हाती येईपर्यंत निम्मी म्हातारी निघून गेलेली असायची. गेल्या दीड वर्षापासून तिकिटाचं मशीन, रेशनचं मशीन, विजेचं मीटर यांत जे आपसूक नोंदलं जातं, त्यावरून दर पाच तारखेला गावोगावची उलाढाल काढत.

"मामा, कारवाडी मेली," ती पुढच्या बाकावर बसत म्हणाली.

"कोण गेलं गं?"

"गावच गेलं. रेशन फाट्याच्या दुकानात, वीज अर्धा महिना गायब, आन् तिकिटं शून्य. दीड वर्ष झालं, दर महिन्याला शून्य. रिकामी गाडी घाटात कशाला पाठवता, असं वरून विचारलंय. पुढच्या महिन्यात बी शून्य आला तर फेरी बंद."

"रिकामी? आगं, कालच तू ह्याच गाडीनं वर गेलीस की!"

"गेले. फाट्याच्या तिकिटावर."

भगवंतनं मशीन पालथं घातलं, जणू चाळीस माणसं त्याच्या मागं लपली होती.

"मग खरं काय ते कळव ना."

"कळवलं. पुरावा मागतात. पुरावा म्हंजे तुमी. तिकिटापुढं माणसं नेली असं लिहून दिलं तर चौकशी तुमचीच. रिटायर व्हायला किती राहिलंय?"

"आठ महिने."

मग त्यानंच तोड काढली. उद्यापासून कारवाडीचं तिकीट फाडायचं. महिनाभरात आकडा आपोआप उभा राहील.

गाव उसळलं. दवाखाना आणि बाजार एकाच खेपेत उरकणाऱ्या, गुडघे गेलेल्या ठकूबाईनं भर गाडीत विचारलं, "का रं भगवंता, म्हातारपनी भूक वाढली व्हय?"

"मावशे, गाडी टिकवायची आसंल तर घे."

"आमच्या रस्त्याचं भाडं आमालाच! घे बाबा. माळ घालताना मान लवली व्हती तुजी, आता हात पुढं आला."

तो तिकिटं फाडत राहिला. जाता-येता मिळून महिन्याची दोन हजार एकशे सात झाली.

पाच तारखेला साधना आली. जागा रिकामी असूनही बसली नाही.

"किती आला?"

"शून्य."

"आगं, दोन हजारावर फाडलीत!"

"पोचली सगळी. पण दीड वर्ष शून्य आन् एकदम दोन हजार, म्हंजे मशीन बिघडलं असणार, असा तिथला नेम. बिघडलेला आकडा आपोआप वगळतात आन् मागच्या महिन्यांची सरासरी बसवतात."

"मागची सरासरी किती?" त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं.

दुपारी त्यानं सगळं लिहून सही केली आणि कागद कचेरीत नेला. कारकुनानं तो चष्म्याखालून वाचला. "हा शिस्तीच्या फायलीत जाईल. आकड्यांच्या फायलीला असला कागद लागत नाही."

चौकशीची नोटीस अकरा दिवसांत आली. आकड्याच्या दुरुस्तीचा विचार पुढच्या मार्चात व्हायचा होता. फेरी त्याआधीच, एक तारखेला बंद झाली.

त्या दिवशी बाजारातून परतीच्या गाडीत त्यानं सवयीनं विचारलं, "मावशे, कुठलं देऊ?"

"फाट्याचं दे," ठकूबाई म्हणाली. "दुसरं हाय का काई तुज्याजवळ?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

फाट्यावर गाडी माघारी वळवायला ड्रायव्हरनं गिअर टाकला. माणसं बोचकी डोक्यावर घेऊन घाटाला लागली. ठकूबाई सगळ्यांत मागं, दर दहा पावलांना गुडघ्यावर हात टेकत. भगवंतनं दारातून डोकी मोजली. अडतीस उतरली. मशीनमध्येही फाट्याची तिकिटं अडतीसच.

एकोणतीस वर्षांत त्याचा आणि कचेरीचा हिशेब पहिल्यांदा तंतोतंत जुळला.