थोरलीचा नीलम, धाकटीचा नीलम

“हे दोन खडे एका जोडीचे नाहीत,” असे मी म्हणालो, आणि वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच मला जाणवले की ते बोलण्याची घाई झाली.

जुने दागिने दुरुस्त करण्यात माझी चौतीस वर्षे गेली. तपासणी पुरी झाल्याखेरीज मत देऊ नये, हा नियम मी गिऱ्हाइकांना ती कंटाळेपर्यंत सांगत आलो. परंतु त्या सकाळी मेजापलीकडे गिऱ्हाईक नव्हते. माझ्या दोन मावश्या होत्या, आणि दोघींच्या मधल्या खुर्चीवर त्यांच्या पिशव्या होत्या.

पांढऱ्या कापडावर दोन पदके होती. मूळची ती आजीच्या कानांतली. आजीच्या पश्चात प्रत्येकीने एकेक घेतले, आकडा काढून वर कडी बसवली आणि साखळीत ओवले. त्याला तीस वर्षे झाली. आता थोरलीच्या नातीला ती पुन्हा कानांत घालायची होती, म्हणून दोन्ही माझ्याकडे आली होती. थोरलीचा खडा गर्द निळा होता. धाकटीचा फिकट राखी, काचेच्या जुन्या तुकड्यासारखा निस्तेज.

“ऐकलंस?” थोरली म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, तरी शब्द धाकटीसाठी होते. “मी सांगत नव्हते? अठरा वर्षं सांगतेय.”

अठरा वर्षांपूर्वी धाकटीच्या यजमानांचे दुकान बुडाले होते, राहते घरही बदलावे लागले होते. त्याच वर्षी एका कार्यात थोरलीने तिच्या गळ्यातला खडा पाहिला, तो फिकट दिसला, आणि आईचा नीलम विकून तिने दुसरा काहीतरी बसवून घेतला, असा निष्कर्ष काढला. भांडण झाले नाही. थोरलीने फक्त तिच्याकडे जाणे सोडले.

“छकुले, तूच सांग ना,” थोरली म्हणाली. अडुसष्ट वर्षांच्या बाईला छकुली म्हणून हाक मारताना तिचा स्वर मात्र सरकारी वकिलाचा होता.

धाकटीने चष्मा पुसला. “मी विकला नाही, ताई.”

“मग?”

“विकला नाही, एवढं मला ठाऊक आहे. बदललाच नाही, असं काही मी सांगू शकत नाही.”

आरोपीने असे उत्तर दिले की न्यायाधीशाची पंचाईत होते. मी तिला खुलासा विचारला. चोवीस वर्षांपूर्वी कडी तुटली म्हणून तिने पदक एका दुरुस्तीवाल्याकडे दोन दिवस ठेवले होते. परत आणल्यावर वर्षभराने कधीतरी तिला खडा फिका वाटू लागला. पुढे तो अधिकच फिका होत गेला.

“फिका होत गेला?” मी विचारले. “एकदम नाही?”

“मला वाटलं, माझेच डोळे अधू झाले. मग वाटलं, त्या मेल्यानं बदलला. मग वाटलं, दगड बदलला असता तर एकदम नसता का दिसला? माझं डोकं चालेना. कोणाला सांगणार? आईची वस्तू सांभाळता आली नाही, हे सांगायची लाज वाटली.”

“लाज वाटली, हे खरं,” थोरली म्हणाली.

“ताई, तुझं बोलणं ऐकायला मी फी नाही भरलेली इथे.”

मी दोघींना गप्प राहायला सांगितले आणि जे आधी करायला हवे होते ते करायला बसलो. धाकटीचा खडा प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर टेकवला. काच निघेल अशी माझी अपेक्षा होती. निघाला नीलम. सूक्ष्मदर्शकाखाली आत रेशमासारख्या सुया दिसल्या, सरळ, कोन करून वळलेले पट्टे दिसले. कारखान्यात घडवलेल्या खड्यात पट्टे वक्र असतात. हा जमिनीतून निघालेला होता आणि रंग वाढवण्यासाठी त्याला कोणी भट्टीची आच दिलेली नव्हती. मग थोरलीचा पाहिला. तोही नीलम, तशाच सुया, तसेच पट्टे.

मी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना धाकटीने विचारले, “बिघडलंय का रे ते?”

“यंत्र ठीक आहे.”

“मग तू बिघडलायस.”

वस्तुस्थिती अशी होती. खडा बदलला म्हणावे, तर चोराने अस्सल नीलम काढून त्याच मापाचा, तेवढ्याच जुन्या पैलूंचा दुसरा अस्सल नीलम बसवला, असे मानावे लागत होते. इतका उदार चोर माझ्या पाहण्यात नव्हता. उलट चोरी झाली नाही असे मानावे, तर एकाच जोडीतला एक खडा निळा आणि दुसरा राखी कसा? नीलमाचा रंग धुऊन जात नाही. सोन्याच्या कडेवरून निर्णय लागला असता, कारण खडा काढताना कडेवर हत्याराचे वण राहतात. परंतु धाकटीने पदक रोज वापरले होते आणि कड घासून गुळगुळीत झाली होती. मी घाईने उच्चारलेले वाक्य आता मला ना सिद्ध करता येत होते, ना मागे घेता येत होते.

जुन्या नीलमाची माणसांना एवढी ओढ का, या प्रश्नावर मी पुष्कळांशी वाद घातले आहेत. नवा खडा अधिक स्वच्छ मिळतो, पैलू अधिक काटेकोर मिळतात, तरी लोक आजीच्या पेटीतल्याकडेच वळतात. माझे म्हणणे असे की हिरा प्रकाश परत करतो आणि नीलम तो राखून ठेवतो. त्यातून नजरेच्या अंदाजाने पाडलेले जुने पैलू एकसारखे नसतात, म्हणून त्यात पाहताना डोळ्याला तळ सापडत नाही. हे मत मी आजीच्या याच जोडीकडे पाहून लहानपणी बनवले होते. ही गोष्ट मी मावश्यांना सांगितली नाही.

“मागून उघडावं लागेल,” मी म्हणालो.

दोन्ही पदकांची कोंदणे मागून बंद होती; खड्यामागे सोन्याचा पत्रा. धाकटी लगेच म्हणाली, “माझं उघड.”

मी कोरणीने कड हळूहळू उचलली. खडा सुटला. कोंदणाच्या तळाशी काळपट, भुगा झालेला एक पापुद्रा होता. चिमट्याने उचलू गेलो तर तो तुटला. त्याच्या एका कोपऱ्याला, नखाच्या टोकाएवढ्या जागी, अजून निळा रंग होता.

“हे काय?” थोरलीने विचारले.

“याला आम्ही डांक म्हणतो. चांदीचा पातळ पत्रा, वरून रंगवलेला. खडा फिका असला की त्याच्यामागे ठेवायचा. पाणी शिरलं की हा सडतो.” मी धाकटीकडे वळलो. “अंघोळीच्या वेळी काढायचीस का?”

“आईची वस्तू अंगावेगळी कशाला करू?”

“तिथेच घोळ झाला.”

माझे समाधान झाले होते, पण थोरलीचे नव्हते, आणि तिचा आक्षेप मला खोडता येईना. “हिच्यात कागद होता, मान्य,” ती म्हणाली. “पण माझा निळाच आहे. मी कधीतरीच घातला, पेटीत ठेवला, तरी दगड निळा आहे. मग आईचा खरा निळा माझा, आणि हिचा तो दुसराच. दुरुस्तीवाल्यानंच कागद लावून दिला असेल.”

“तुझ्याही मागे डांक असेल.”

“असेल म्हणजे? आहे की नाही?”

“उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि उघडलं की वारा लागणार. तो रंग टिकेल याची हमी नाही. तसा रंग आता कोणी करत नाही, म्हणून पुन्हा बसवला तरी हीच निळाई येईल असं मी म्हणत नाही.”

थोरलीने पदक उचलले आणि मुठीत धरले. रस्त्यावर कोणीतरी मोटार मागे घेत होते. तिचे पी-पी थांबले तेव्हा थोरलीने दुसऱ्या हाताने पिशवी जवळ ओढली. मला वाटले, आता ती पिशवी उचलून निघेल. तशी ती निघाली असती, तर धाकटीच्या कपाळावरचा ठपका कायमचा राहिला असता, आणि त्यावर माझ्या त्या वाक्याचा शिक्काही.

“राहू दे, ताई,” धाकटी म्हणाली. “एक तरी निळा असू दे. माझं काय, मला सवय झाली.”

“कशाची सवय?”

“तू न येण्याची.”

थोरलीने मूठ उघडली, पदक माझ्यापुढे ठेवले आणि खिडकीकडे तोंड केले. “उघड.”

“मावशी, नीट विचार…”

“उघड म्हणते ना. उगाच मला विचार करायला लावू नकोस, मी उठून जाईन.”

मी कोरणी लावली. कड उठली. आतली डांक अखंड होती, मोराच्या मानेसारखी निळी, इतकी झळझळीत की क्षणभर मला तीच रत्न वाटली. खडा कापडावर आला तेव्हा त्यात रंग जवळजवळ नव्हताच. पांढरा कपडा निळीच्या शेवटच्या पाण्यातून काढावा, तेवढीच छटा. मी त्याच्याशेजारी धाकटीचा खडा धुऊन ठेवला. दोघांतून एक बारीक पांढरट रेघ जात होती. खडे कडेला कड लावून ठेवल्यावर ती एकातून दुसऱ्यात सरळ गेली. एकाच दगडाचे ते दोन तुकडे होते.

मी भिंग थोरलीच्या हाती दिले. तिने बराच वेळ पाहिले.

“मी चुकलो,” मी म्हणालो. “जोडीचेच आहेत.”

माझ्या कबुलीकडे कोणाचे लक्ष नव्हते. थोरलीच्या कपाळाला आठी पडली होती. “मग आई घालायची ते निळं काय होतं?”

“डांक.”

“म्हणजे कागदच.”

“चांदीचा. पण खड्यातून दिसलेला.” एवढे बोलून मी थांबलो. नीलम प्रकाश राखून ठेवतो, हे माझे लाडके मत मला पुढे करवेना. आणि खड्याविना ती डांक समोर पडली असता तिच्यात आजीच्या कानांतली खोली नव्हती, हेही खरे. मग ती निळाई नेमकी कुठे होती?

थोरलीने दोन्ही खडे तळहातावर घेतले. ते घरंगळले, एकमेकांना लागले. “यातला माझा कोणता?”

“मला काय विचारतेस,” धाकटी म्हणाली.

“मलाही कळेना झालंय.” तिने हात पुढे केला आणि दोन्ही खडे धाकटीच्या तळहातावर ओतले. “तू ठेव. कानातली तुझ्या हातानं करून घे याच्याकडून. नात तुझ्याकडे येऊन घेऊन जाईल.”

“नात येईल. आणि तू?”

थोरली पिशवीचे बंद उगाच सारखे करत राहिली. “तू किती मजले वर राहतेस?”

“दोन.”

“लिफ्ट?”

“नाही.”

“मग सकाळी येईन. दुपारी माझ्यानं चढवत नाही.”