आडव्या फांद्या

पाच वर्षांत वहिनींच्या वेलगुलाबाने मोजून सात फुलं दिली होती, तीही घराच्या दर्शनी भिंतीच्या पार टोकाला, शेजाऱ्यांच्या बाजूला. तेव्हा पुढच्या खोलीत सलून चालवणाऱ्या दिराने त्या भिंतीवर दुकानाची पाटी लावायचं ठरवलं, यात नवल नव्हतं.

“वहिनी, नुसता काट्यांचा पसारा आहे हा. बुडापासून काढून टाकतो.”

चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवून वहिनींचे डोळे थकले, शिवणाचं मशीन बंद झालं. सकाळी उठून हात घालावा असं हे एकच काम उरलं होतं. पण रडगाणं गाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“पाटी कधी येतेय रंगून?”

“दोन महिने तरी लागतील.”

“मग दोन महिने याला हात लावायचा नाही.”

हा ठामपणा उगाच नव्हता. आदल्याच दिवशी पाण्याची टाकी घासताना त्यांना मागे एक फांदी सापडली होती. दिराच्या नजरेतून सुटून ती जमिनीवर आडवी पसरली होती आणि तिच्या पेरापेरावरच्या प्रत्येक डोळ्यातून कळीसकट फुटवा निघाला होता. वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: न कापलेली, आडवी फांदी अंगभर फुलते. वाढलं की कापायचं हा दिराचा धंदा. वेलही तो दर वर्षी तसाच भादरायचा. फुलं धरणाऱ्या जुन्या फांद्याच आधी जायच्या. वर संध्याकाळी पाइपने पानं धुवायचा, दमट हवेत ती रात्रभर ओली राहायची आणि काळे डाग पडायचे. आणि या कामगिरीबद्दल वहिनी त्याला चहा पाजायच्या!

त्यांनी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून तारा ओढल्या, म्हणजे मागून वारा खेळेल आणि तापलेली भिंत पानांना भाजणार नाही. लांब फांद्या रोज थोड्या थोड्या वाकवत आडव्या आणल्या. सुतळी फांदीला काचते, म्हणून कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्ट्यांनी बांधल्या. त्या ताणल्या तरी चावत नाहीत. पाणी सकाळी, फक्त मुळाशी. डागाळलेली पानं वेचून थेट कचऱ्यात.

“वेलाला ब्लाउज शिवताय का वहिनी?”

“माप चुकलं तर तू आहेसच कापायला.”

सातव्या आठवड्यात भिंत बुडापासून शेंड्यापर्यंत गुलाबी झाली. गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीला फेस तसाच ठेवून बाहेर येऊन बघायला लागली.

पाटी आली. ती काखेत धरून दीर भिंतीवर मोकळी जागा शोधू लागला. मग दारावरच्या अरुंद जागेत त्याने ती कशीबशी ठोकली.

“म्हणजे इतकी वर्षं मीच याचा गळा कापत होतो?”

“तू कापत होतास आणि मी शाबासकी देत होते.”

दिराला सुनावायला वहिनींनी दोन महिने चार खरमरीत वाक्यं जपून ठेवली होती. त्यांना इतका आनंद झाला होता की त्यातलं एकही तोंडातून निघेना.

“पुढच्या वेळी बांधायला मलाही हाक मारा,” तो म्हणाला. “आणि दोन गिऱ्हाइकं विचारत होती, त्यांच्या घरी येऊन वेल असा बांधून दाखवाल का म्हणून.”

“उद्या सकाळी सातला पहिल्याकडे जाते,” वहिनी म्हणाल्या. “पत्ता लिहून दे, जरा मोठ्या अक्षरात.”