खंडेनवमीची मालगाडी

पिंपरी पेंढारला रेल्वे नाही. अख्ख्या जुन्नर तालुक्यातच नाही. येणार, येणार असं ऐकून माणसांचे कान किटले, पण रूळ काही आले नाहीत. तरीही भिमाजीअण्णांच्या पडवीत बारा महिने एक मालगाडी उभी असायची. कोळशाचे अकरा उघडे डबे आणि शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन. एकेक डबा वीतभरसुद्धा नाही.

अण्णा चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. हल्ली त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण अण्णा त्याआधीच निवृत्त झाले आणि मॅनेजर व्हायचे राहून गेले. घरी बसल्यावर त्यांना हा नाद लागला. तयार प्लास्टिकचे डबे मागवायचे, त्यांची जाड शिडी कापून तांब्याच्या तारेची बारीक शिडी चिकटवायची, दरवाजांना कड्या करायच्या, हँडब्रेकचं चाक बसवायचं. शेतावरच्या कामाला हाक मारली की अण्णांना कमी ऐकू यायचं. डब्याची कडी पडवीत कुठं पडली, ते मात्र टिचकीएवढ्या आवाजावरून कळायचं.

मंचरला रूपचंदशेठ म्हणून हार्डवेअरचे व्यापारी आहेत. दुकानाच्या वरचा सगळा मजला त्यांनी छोट्या रेल्वेला दिलाय. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो लोकांना खुला असतो, आणि आसपासचे चार शौकीन आपापल्या गाड्या घेऊन येतात. गेल्या वर्षी अण्णाही गेले होते. शेठनी भिंगातून एकेक डबा पाहिला आणि म्हणाले, “गार्डसाहेब, काम झकास. पण ही गाडी दुकानातून आलीय, कामावरून नाही आली.” आणि गाडी रुळावर न घेता काचेच्या कपाटात ठेवली.

अण्णांना ते फार लागलं. चौतीस वर्षं ज्यानं कोळशाची धूळ नाकातोंडात घेतली, त्याला खिळे-मोळे विकणाऱ्यानं डबा कसा दिसतो ते सांगावं! त्यातून शेठचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

मग वर्षभर अण्णांनी घाण गोळा केली. आळेफाट्याच्या गॅरेजमधून जुन्या ट्रकचा खरवडलेला गंज आणला. चुलीवरच्या पातेल्यांची काजळी काढली, बांधावरची माती वस्त्रगाळ केली. हे सगळं कोरडंच, कुंचल्यानं डब्यांवर बसवलं. तरी मनासारखं होईना. डबे मळलेले दिसायच्या ऐवजी पावडर फासून बसल्यासारखे दिसत. ते पक्कं बसायला वरून वार्निशचा हात मारायचा राहिला होता, कारण हवा दमट होती. दसरा झाला की मारू, असं अण्णा म्हणाले. तेवढ्यात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला अण्णा झेंडू आणायला आळेफाट्याला गेले. परत येऊन पाहतात तर ट्रॅक्टर धुतलेला, मोटारसायकल धुतलेली, कोयते, कुऱ्हाडी, टिकाव ओळीनं मांडलेले. आणि शेजारी पाटावर बारा डबे. ओले. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट.

“हे कोनी केलं?”

“मी केलं की,” अण्णांच्या पत्नी शीलाबाई म्हणाल्या. “लई घाण झाली व्हती त्यांच्यावर. दात घासायच्या जुन्या ब्रशानं हळूहळू धुतले. एक कडी मोडली न्हाई, बघा.”

अण्णांनी झेंडूची पिशवी पायरीवर ठेवली. “अगं, ती घाण मी लावली व्हती. वरीसभर!”

शीलाबाईंच्या हातातलं तबक तसंच राहिलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला काय ठावं. चौतीस वर्षं खंडेनवमीला मी घरची औजारं पुजली, आन् तुमची गाडी कुठं लांब उभी असायची. एकदा बी माझ्या हातची पूजा तिला घडली न्हाई. आता ती दारात हाये, म्हणून पुजली.”

आता यावर कोणी काय चिडायचं? अण्णा चिडले नाहीत, पण जेवलेही धड नाहीत. रविवार चार दिवसांवर होता.

दुपारी डबे उन्हात वाळले. अण्णांनी कुंकू पुसायला ओला कुंचला घेतला, पहिला डबा उचलला आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला. अंगावरची धूळ गेली होती, पण सांध्यांत राहिली होती. कड्यांखाली गंजाचे बारीक ओघळ उतरले होते. कोपऱ्यांत काजळी घट्ट बसली होती. पावसाळा काढून यार्डात आलेला डबा अगदी असाच दिसतो! अण्णांनी हजारो पाहिले होते, पण करताना आठवलं नव्हतं. त्यांनी धूळ लावली, पाऊस पाडायचा मात्र राहिला होता.

“शीला, अगं इकडं ये!” ते ओरडले. शीलाबाई घाबरून धावत आल्या, तर अण्णा एकटेच हसत होते.

अकरा डब्यांवरचं कुंकू त्यांनी पुसलं. ब्रेकव्हॅनपाशी हात थांबला. तिच्यावरचं राहू दिलं आणि दसऱ्याला कडक ऊन पडल्यावर बाराही डब्यांवर वार्निश मारलं.

रविवारी दोघं मंचरला गेले. रूपचंदशेठनी भिंग लावलं, एक डबा पाहिला, दुसरा पाहिला, आणि परत पहिल्यावर आले. मग म्हणाले, “हे पाण्याचे ओघळ कसे केले हो?”

“आमच्या मालकिणीनं केले.”

शेठनी शीलाबाईंना हात जोडले. मग ब्रेकव्हॅन उचलली. “फक्त हे तेवढं पुसून घ्या. खऱ्या गाडीवर कुंकवाचं बोट दरवाजाएवढं असतं का? बाकी गाडी आज पहिली सोडू.”

वर्षभर अण्णा ज्यासाठी झटले, ते समोर उभं होतं. शीलाबाईंनी पदराचं टोक पुढं केलं. “द्या, मी पुसते. त्यात काय येवढं?”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “शेठ, तुमचं बरोबर हाये. पन गाडी जाईल तर अशीच. न्हाईतर कपाटात ऱ्हाऊ द्या.”

शेठनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी बारा डबे स्वतःच्या हातानं रुळावर ठेवले, इंजिन जोडलं आणि कळ फिरवली.

गाडी हलली. बोगद्यातून निघाली, पुलावरून आली. शीलाबाई वाकून पाहत होत्या. अकरा डबे खडखडत पुढं गेले आणि शेवटी ती एवढीशी व्हॅन आली.

“तुमी यातच बसायचा?”

“यातच.”

“संगती कोन असायचं?”

“कोन न्हाई. एकटाच.”

गाडी वळसा घालून पुन्हा आली. व्हॅन समोरून गेली तशा शीलाबाई म्हणाल्या, “बरं झालं, पुसलं न्हाई ते.”